थांबे सांगणारी

(प्रसूतिगृहाच्या बाहेरच्या पायऱ्या. दुपारची वेळ.)

पार्लरवाली: नाही हो सिस्टर, आज चक्कर नाही आली. पायऱ्या छान आहेत, म्हणून बसलेय.

सिस्टर: मागच्या आठवड्यातही छान होत्या. त्याच्या आधीच्या आठवड्यातही. मी रोज इथं डबा खायला येते, आणि हल्ली माझी जागा अडलेली असते.

पार्लरवाली: सरकते ना.

कंडक्टरबाई: सरकू नकोस, खरं सांग. का मी सांगू? सिस्टर, ही माझी सून. सातवा सरलाय. घरून निघते तेव्हा वाघीण असते. गाडीत बसली की मांजर. आणि तुमच्या त्या काचेच्या दारापाशी आली की पार उंदीर होते.

पार्लरवाली: आई, हळू बोला ना.

कंडक्टरबाई: माझा आवाज हा एवढाच. जन्म गेला बसमध्ये तिकिटं फाडण्यात. तिथं हळू बोललं तर लोक उतरायचे विसरायचे.

सिस्टर: मग आत का नाही येत तुम्ही?

पार्लरवाली: दार उघडलं की वास येतो, सिस्टर. फरशी पुसल्याचा, औषधांचा. तो वास आला की पाय माझे राहत नाहीत. मी म्हणते, चला. पाय म्हणतात, तू हो पुढं, आम्ही इथंच बरे.

सिस्टर: पहिलं बाळंतपण इथलंच का?

पार्लरवाली: नाही, दुसऱ्या दवाखान्यात झालं. पण वासाला काय, सगळीकडे एकच.

सिस्टर: काय झालं होतं तेव्हा?

कंडक्टरबाई: रक्त फार गेलं. पण म्हणतात ना, जीव वाचला, आता...

पार्लरवाली: आई, ते वाक्य नको.

कंडक्टरबाई: कुठलं गं?

पार्लरवाली: "जीव वाचला, आता विसर." जो भेटायला आला तो तेच म्हणाला. मी मान हलवायची. सिस्टर, चार वर्षं झाली, मी मानच हलवतेय. कळत नाही असं नाही मला. मी वाचले, माझी लेक भिंगरी वाचली. उपकार आहेत सगळ्यांचे. पण सगळ्यांनी मिळून ते उपकार असे छातीवर आणून ठेवले की रडायला जागाच उरली नाही.

सिस्टर: इथं आहे जागा. मी जेवते, तुम्ही रडा. दोघींची कामं होतील.

पार्लरवाली: तुम्ही जरा विचित्रच आहात.

सिस्टर: बाळंतिणींत राहून राहून होतं तसं. सांगा, काय आठवतं?

पार्लरवाली: तेच तर, सलग काहीच नाही. तुकडे तुकडे. छतावरचे दिवे पळत होते. मी आडवी, आणि दिवे पळतायत. मग गाऊन कात्रीनं कापला. कात्रीचा आवाज मी झोपेतही ओळखीन, धंदाच आहे माझा. बोथट होती हो ती. तशा वेळीही मनात आलं, अहो, धार लावून घ्या. मग हात धरले कुणी तरी, दोन्हीकडून. मी विचारत होते, काय झालं, बाळ कुठंय. सगळे बोलत होते, सिस्टर. पण एकमेकांशी. माझ्याशी कुणीच नाही. आणि मग तोंडावर मास्क आला, न सांगता. आणि मी गेले.

सिस्टर: झोपलात.

पार्लरवाली: तुमच्या भाषेत झोपले. मला वाटलं, मेले. डोळे उघडले तर कुणी तरी एक मुलगी दाखवली. म्हणाले, तुझी. मी म्हटलं, असेल.

कंडक्टरबाई: हे तू मला कधी बोलली नाहीस.

पार्लरवाली: कसं बोलणार, आई? तुम्ही पेढ्यासारखा चेहरा करून उभ्या होता तिला घेऊन.

सिस्टर: पाणी घ्या. धंदा काय म्हणालात?

पार्लरवाली: पार्लर आहे माझं. बायकांचे केस कापते, मुलांचेही.

सिस्टर: मुलं कात्रीला घाबरतात?

पार्लरवाली: काही तर खुर्ची बघूनच लोळण घेतात.

सिस्टर: मग धरून बसवता?

पार्लरवाली: छे. धरलं की संपलं. ते मूल पुन्हा कुणाच्याच खुर्चीत बसायचं नाही. आधी कात्री त्याच्या हातात देते, मिटलेली. मग हवेत चालवून आवाज ऐकवते. पाण्याचा फवारा आधी त्याच्या तळहातावर. कुठून कापायला घेऊ, ते त्यालाच विचारते. आणि सांगितल्याशिवाय मानेला हात लावत नाही. मागून मानेला हात लागला की मोठं माणूससुद्धा दचकतं. ते "थांब" म्हणालं की थांबते. एकाला तर अर्धं डोकं कापून घरी पाठवलंय मी. त्याची आई बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी हसत आला उरलेलं अर्धं घेऊन.

सिस्टर: बरं. मग हा धरा.

पार्लरवाली: हे काय?

सिस्टर: रक्तदाब बघायचा पट्टा. नुसता हातात घ्या. हा पंप, दाबून बघा. आवाज ऐका.

कंडक्टरबाई: डब्याबरोबर हे पण घेऊन येता रोज?

सिस्टर: रोज नाही. आज मुद्दाम आणलं. म्हटलं, माझी जागा आजही अडलेली असणार. आधी कुणाच्या हाताला बांधू? तुम्ही सांगा.

पार्लरवाली: आईंच्या.

कंडक्टरबाई: माझ्या कशाला? बरं, बांधा. अहो, अहो, केवढा आवळता. हिनं शिकवून ठेवलंय का तुम्हाला, सासूचा आहे म्हणून?

पार्लरवाली: आई, हसवू नका, पोटाला ओढ बसते. सिस्टर, आता मला. डाव्या हाताला. आणि आधी सांगा.

सिस्टर: गुंडाळतेय. आता फुगेल. घट्ट होईल, मग सैल पडेल. थांब म्हणालात की सोडते.

पार्लरवाली: थांबा.

सिस्टर: सोडला.

पार्लरवाली: खरंच सोडलात तुम्ही.

सिस्टर: तसंच ठरलं होतं.

पार्लरवाली: करा परत. आता नाही थांबवत.

सिस्टर: हं. झालं. जास्त आहे थोडा. घाबरण्यासारखा नाही, पण पायऱ्यांवर बसून उतरणाराही नाही. डॉक्टरबाईंना दाखवावं लागेल, गोळी लागेल, बाळाचे ठोके ऐकावे लागतील. आज नाही तर उद्या, पण आत यावं लागेल. मागच्यासारखं होऊ नये म्हणूनच यावं लागेल. गोड करून नाही सांगत मी.

पार्लरवाली: नकाच सांगू. गोड करून सांगणारे पुष्कळ झाले. आत गेल्यावर जे काय करतील, ते असंच आधी सांगून करतील?

सिस्टर: मी बरोबर असेन. नाही सांगितलं कुणी तर मी विचारेन. तुमच्या दुकानातला कुठला वास आवडतो तुम्हाला?

पार्लरवाली: लिंबाचा. नवीन शाम्पूची बाटली उघडली की येतो तो.

सिस्टर: उद्या रुमालावर दोन थेंब घेऊन या. नाकाला लावून दार ओलांडू. दारापाशी "थांब" म्हणालात, तर तिथंच थांबू. अर्धं डोकं उद्या, अर्धं परवा.

कंडक्टरबाई: आणि तुमचा डबा?

सिस्टर: डबा काय, तिघींत खाऊ.

*

कंडक्टरबाई: हेच का तुमचं थिएटर? नाव ऐकून मला वाटलं, खुर्च्या असतील, पडदा असेल.

सिस्टर: पडदा असतो की. इथं लावतो, छातीपाशी. म्हणजे पलीकडचं दिसत नाही. यांचं सिझर ठरलंय, ते इथंच होणार. आज दुपारी इथं काही काम नाही, डॉक्टरबाईंना विचारून आणलंय तुम्हाला. त्या झाकलेल्या ट्रेला सोडून कशालाही हात लावा.

पार्लरवाली: टेबल एवढंसंच? माझ्या आठवणीत मैदानाएवढं होतं.

सिस्टर: आडवं व्हायचं का? नाही झालात तरी चालेल. महिना आहे अजून.

पार्लरवाली: होते. आई, रुमाल द्या. वरचा दिवा लावा, सिस्टर. ... बंद करा. ... लावा आता.

सिस्टर: कसं वाटतंय?

पार्लरवाली: दिवा जागेवर आहे. हात बांधणार का हो?

सिस्टर: बांधणार नाही. एका हाताला सलाइन, एकाला हा पट्टा. भूल पाठीतून देणार, कमरेपासून खाली. तुम्ही जाग्या. तोंडावर काही येणार नाही. कधी यायचीच वेळ आली, तर आधी सांगून येईल. आणि डोक्याशी तुमचं एक माणूस बसेल, तशी परवानगी काढलीये मी.

पार्लरवाली: तुम्ही बसाल ना?

सिस्टर: तारखेला मी कामावर आहे. पण बाळं कॅलेंडर बघून येत नाहीत. मी नसले तर कोण, ते आजच ठरवून ठेवू. यांचा नवरा?

कंडक्टरबाई: माझा मुलगा? सोन्यासारखा आहे हो. पण डास मारला नि रक्त दिसलं, तरी तो आडवा होतो. तुम्हाला दोन टेबलं लागतील.

पार्लरवाली: आई, तुम्ही बसा.

कंडक्टरबाई: मी? मी काय करू तिथं?

पार्लरवाली: थांबे सांगा.

सिस्टर: कसले थांबे?

पार्लरवाली: यांच्या बसला एक आजोबा असायचे रोज, डोळ्यांनी अधू. त्यांना कुठं आलो ते कळावं म्हणून आई प्रत्येक थांबा यमक जुळवून सांगायच्या. मग सगळी बसच त्यांची वाट बघायला लागली. सांगा की, आई.

कंडक्टरबाई: जुनं झालं ते. "पूल आला पूल, कडेवर घ्या मूल." "शाळा आली शाळा, दप्तरं सांभाळा." काहीबाही आपलं. साहेबानं एकदा मेमो दिला होता, बसमध्ये गाणी म्हणता म्हणून.

सिस्टर: मी देणार नाही मेमो.

कंडक्टरबाई: तसं नाही, बाई. थांबा सांगायला रस्ता माहीत लागतो. हा रस्ता मला दाराबाहेरूनच माहीत आहे. त्या दिवशी दार लागलं माझ्या तोंडावर. त्या दाराकडे बघत बसणं मला जमतं. आतलं जमेल का, कोण जाणे.

पार्लरवाली: दाराबाहेर काय झालं, आई?

कंडक्टरबाई: कशाला आता.

पार्लरवाली: मी तेव्हा नव्हतेच की. मला कुणी तरी सांगायला नको?

कंडक्टरबाई: एक कामाच्या मावशी धावत बाहेर आल्या. रक्ताच्या पिशव्या आणायच्या होत्या. धावताना एक चप्पल दारातच राहिली त्यांची. गेल्या, आल्या, परत गेल्या. एका चपलेवर. मी ती दुसरी हातात घेऊन उभी, म्हटलं थांबतील तेव्हा देईन. त्या थांबल्याच नाहीत. मग फार वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. पोरसवदा, तुझ्याच वयाच्या. मला म्हणाल्या, दोघी वाचल्या. आणि भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसल्या. पाण्याची बाटली उघडेना त्यांना. मी उघडून दिली.

पार्लरवाली: हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही.

कंडक्टरबाई: सगळे म्हणाले, विषय काढू नका, पोरीला त्रास होईल. मला वाटलं, मी गप्प राहून तुला जपतेय.

पार्लरवाली: मी समजत होते, त्यांना मी म्हणजे टेबलावरचं एक काम. एक मिटलं की दुसरं. ... एका चपलेवर?

कंडक्टरबाई: एका चपलेवर. फरशी ओली होती, तरी.

पार्लरवाली: म्हणजे माझ्यासाठी कुणी तरी घाबरलं होतं.

सिस्टर: तेव्हा त्यांना तुमच्याशी बोलायला वेळ नव्हता. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. पण नंतर होता. दुसऱ्या दिवशी कुणी तरी खाटेपाशी बसून तुम्हाला सगळं सांगायला हवं होतं. हे तुमच्या बाजूनं सांगते.

पार्लरवाली: दोन्ही खरं?

सिस्टर: दोन्ही.

पार्लरवाली: मग राग कुणावर धरू मी?

सिस्टर: त्या दुसऱ्या दिवसावर धरा. पुरेसा आहे तो.

कंडक्टरबाई: रडतेस का हसतेस गं?

पार्लरवाली: काय माहीत. आडवं पडून रडलं की पाणी कानात जातं, एवढं कळलं. पुसा जरा. ... आई, सांगा ना थांबे. मी पडलेलीच आहे तोवर.

कंडक्टरबाई: सिस्टर, मग रस्ता समजावून द्या मला. आधी काय येतं?

सिस्टर: आधी पाठीत सुई.

कंडक्टरबाई: सुई. हं. "सुई आली सुई, मुंगी चावून जाई." मग?

सिस्टर: मग पाय जड होतात.

कंडक्टरबाई: थांबा, थांबा. एवढ्या घाईनं तर आमचा ड्रायव्हरही हाकत नव्हता.

*

कंडक्टरबाई: ऐकू येतंय ना माझं? या टोपीत माझेच कान गेलेत. म्हटलं, कंडक्टरला गणवेश दिलात, बरं केलंत.

पार्लरवाली: येतंय. आई, सिस्टर खरंच नाहीत?

कंडक्टरबाई: सुट्टी आहे त्यांची. लेकीकडे गेल्यात. तुझ्या बाळानं आठवडाभर आधी निघायचं ठरवलं, त्याला कोण काय करणार. पण ही डोक्याशी चिठ्ठी लावलीये ना, ती सिस्टरचीच. "सांगितल्याशिवाय हात लावू नये." डॉक्टरबाईंनी मोठ्यानं वाचलीसुद्धा.

पार्लरवाली: माझा हात सोडू नका. पण धरूही नका. नुसता हात हाताखाली ठेवा.

कंडक्टरबाई: ठेवला. आता वाकून बस, पाठ मांजरासारखी कर. डॉक्टरबाई म्हणतायत, आधी गार लागेल, औषधाचा बोळा आहे. लागलं?

पार्लरवाली: लागलं.

कंडक्टरबाई: आता सुई आली सुई...

पार्लरवाली: थांबा. थांबा, थांबा.

कंडक्टरबाई: डॉक्टरबाई, थांबा म्हणतेय ती. थांबल्या गं. मागे सरकल्या. दोन्ही हात वर केलेत, पोलिसाला शरण आल्यासारखे.

पार्लरवाली: खरंच?

कंडक्टरबाई: तुझी शपथ. त्या म्हणतायत, तुझं झालं की सांग. घाई नाही.

पार्लरवाली: रुमाल द्या. ... हं. ... घ्या आता.

कंडक्टरबाई: मुंगी चावून जाई. गेली. बघ, गेलीसुद्धा. आडवी हो, हळू. हे तुला उचलतायत, चार हात आहेत, सगळे ओळखीचे, मघाशी नावं सांगितली ती माणसं. "पाय झाले जड, आता नाही अवघड."

पार्लरवाली: पाय कुणा दुसरीचेच वाटतायत.

कंडक्टरबाई: असू दे, आजच्या दिवस तिला वापरू दे. आता पडदा. "पडद्यामागं गलका, श्वास घे हलका."

पार्लरवाली: आई, दिवे पळत नाहीयेत.

कंडक्टरबाई: कशाला पळतील? मी बघतेय ना त्यांच्याकडे.

पार्लरवाली: सुरू केलं का?

कंडक्टरबाई: केलं. चिमटा काढून विचारलं होतं, तुला कळलाच नाही. तेव्हा केलं. आता म्हणतायत, ओढ जाणवेल, दुखणार नाही. पोटात कुणी तरी कपाट सरकवतंय असं वाटेल. "ओढ आली ओढ, दातांवरचे दात सोड." सोड की. जबडा केवढा आवळलायस.

पार्लरवाली: सरकलं. काही तरी सरकलं, आई.

कंडक्टरबाई: ...

पार्लरवाली: आता? पुढं काय?

कंडक्टरबाई: ...

पार्लरवाली: आई, पुढचा थांबा सांगा. गप्प का झालात? बाळ कुठंय? ... बाळ कुठंय? मी जागी आहे. मी इथं आहे, मला ऐकू येतंय, मला कुणी तरी उत्तर द्या.

कंडक्टरबाई: आहे गं. आहे, आहे. बाहेर आलंय. डॉक्टरबाईंच्या हातात आहे. माझा आवाजच गेला मेला. इतकी वर्षं लोकांना उतरवलं मी, कधी गेला नव्हता. कंडक्टरलाही एकदा खिडकीबाहेर बघू दे.

पार्लरवाली: रडत का नाही मग?

कंडक्टरबाई: तोंड पुसतायत. पाय हलवतंय, बघितले मी. गुलाबी आहेत. डॉक्टरबाई म्हणतायत, आत्ता रडेल. थांब. ... ऐक.

पार्लरवाली: ...

कंडक्टरबाई: ऐकलंस?

पार्लरवाली: ऐकलं. आवाज तुमच्यावर गेलाय.

कंडक्टरबाई: मुलगी आहे. भिंगरीला बहीण. ही बघ आली. उघडीच ठेवतायत तुझ्या छातीवर, वरून पांघरूण. घे. तुझी.

पार्लरवाली: माहितीये. मी होते की इथं.

कंडक्टरबाई: होतीस गं बाई. होतीस.

पार्लरवाली: किती गरम आहे ही. ... रक्त, आई? रक्ताचं विचारा.

कंडक्टरबाई: विचारलं. ठीक आहे म्हणतात, मोजकंच गेलं. पिशव्या तयार ठेवल्यात बाजूला, लागल्या नाहीत. आता टाके. वेळ लागेल थोडा. त्याला यमक नाही जुळवलेलं मी.

पार्लरवाली: राहू दे. आता नसलं तरी चालेल.

*

सिस्टर: एक दिवस सुट्टी घेतली मी. एक. आणि तुम्ही दोघी मिळून माझं गिऱ्हाईक पळवलंत.

कंडक्टरबाई: या, या. तुमची जागा अडवून बसलोय आजही. ही खुर्ची घ्या.

सिस्टर: बसा तुम्ही. मी खाटेच्या कडेला टेकते. बसू का हो इथं?

पार्लरवाली: बसा. आता तुम्ही न विचारता बसलात तरी चालेल.

सिस्टर: सवय गेली ती. पोटावर हात ठेवतेय, गार असेल. हं, छान आहे. दाबही उतरलाय. अजून काही दिवस बघत राहू. बाळ पितंय?

पार्लरवाली: पिते आणि मध्येच झोपते. कानाला गुदगुल्या केल्या की परत पिते.

सिस्टर: थिएटरमधली पोरं म्हणत होती, आता सगळ्यांनाच थांबे सांगायचे म्हणून. एकीनं सकाळी प्रयत्न केला. "सलाइन आलं सलाइन" म्हणाली आणि पुढं अडकलीच.

कंडक्टरबाई: सलाइनला अवघडच आहे. बघते मी विचार करून.

पार्लरवाली: सिस्टर, मला तुमचे आभार मानायचेत. आता तुम्ही म्हणाल, कशाला, माझं कामच आहे ते.

सिस्टर: नाही म्हणणार. माना. मला आवडतं. लोक दारातून पिशव्या उचलत घाईघाईत म्हणून जातात. तुम्ही सावकाश म्हणा, मी बसलेय.

पार्लरवाली: त्या पहिल्या दिवशी मी थांबा म्हटलं आणि तुम्ही पट्टा सोडलात. तेव्हाच माझं अर्धं काम झालं होतं. घरी जाऊन मी नवऱ्याला तेच सांगितलं, दुसरं काही नाही. म्हटलं, सोडला हो त्यांनी. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली बिचाऱ्यानं. मागच्या वेळी सगळ्यांनी सांगितलं होतं, आभार मान. मी मानले. कुणी तरी हातात दिलेले, तेच पुढं केल्यासारखे. या वेळी कुणीच सांगितलं नाही, तर आपोआप येतायत. थांबतच नाहीत. सकाळी फरशी पुसणाऱ्या बाईंचेही मानले मी. त्या बादली घेऊन उभ्याच राहिल्या.

सिस्टर: बाळंतिणीला पहिले काही दिवस होतं असं. नंतर रडूही येईल. आलं तर येऊ द्या, आणि थांबलंच नाही तर मला सांगा. त्यासाठी पायऱ्यांवर बसायची गरज नाही.

पार्लरवाली: सांगेन. आणि एक ठरवलंय. बरी झाले की त्या जुन्या दवाखान्यात जाणार. त्या डॉक्टर असतील तिथं, मावशी असतील. त्यांचे आभार मानायचेत. आणि तो दुसरा दिवसही सांगायचाय त्यांना. दोन्ही.

कंडक्टरबाई: मी येणार बरोबर. मी ओळखीन दोघींना.

पार्लरवाली: सकाळी भिंगरीला फोनवर सांगितली गोष्ट. ती किती दिवस विचारायची, आई, मी कशी आले. मी म्हणायची, आलीस आपली. आज सांगितलं, तू येत होतीस ना, तेव्हा एक मावशी तुझ्यासाठी एका चपलेवर धावल्या. तर म्हणते, कुठल्या पायातली पडली? डाव्या की उजव्या? आई, कुठल्या हो?

कंडक्टरबाई: डाव्या. निळा पट्टा होता तिला. ... उजव्या का? नाही, डाव्याच.

सिस्टर: बाळाला घेऊ का जरा? तुम्ही पाठ टेका.

पार्लरवाली: घ्या. मान सांभाळा. बघा, तुम्हाला मी सांगतेय मान सांभाळा. आणि सिस्टर, रागावू नका, पण तुमचे केस कुणी कापलेत?

सिस्टर: मीच. आरशात बघून.

पार्लरवाली: दिसतंय ते. मागची बाजू आरशात दिसत नाही ना, म्हणून तशी झालीये. मी उभी राहायला लागले की दुकानात या. डबा घेऊन या. तुमच्या पायरीवर मी बसले, आता माझ्या खुर्चीत तुम्ही.

सिस्टर: येते. पण मला मानेला फार गुदगुल्या होतात.

पार्लरवाली: सांगून लावेन हात.

सिस्टर: बाई, बघा हो, तुमची सून कशी बोलायला लागली. ... बाई? अशा गप्प कशा झाल्या या?

पार्लरवाली: झोपल्यात.

सिस्टर: बसल्या बसल्या? खुर्चीत मान अवघडेल. शेजारच्या खोलीत खाट रिकामी आहे, उठवते त्यांना.

पार्लरवाली: नको, सिस्टर, राहू द्या. चार वर्षांत आज पहिल्यांदा माझ्याआधी डोळा लागलाय त्यांचा.